एकाच पंगतीत दोन हार्टवाले : बाबांना शुगर, नानांना नाही. पथ्य कुणाचं किती?

पारोळेकर | सोमवार, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. धागा लांबेल, आधीच सांगतो.

आमचं घर पारोळ्याला, एकत्र. वडील (बाबा, वय ६८) आणि धाकटे काका (नाना, वय ६३). दोघांच्याही हृदयात स्टेंट. फरक एवढाच की बाबांना सतरा वर्षांपासून शुगर आहे आणि नानांना नाही, आणि या एका फरकावर आमचं अख्खं स्वयंपाकघर चालतं. बाबांच्या ताटात मोजून एक भाकरी, भरीत वरून तेल न सोडलेलं, गोडाचं नाव नाही. शेजारी नाना. शेवभाजीवर बोटभर तर्री, डाव्या हातात तळलेली कुरडई. बाबांनी तिकडे नुसतं बघितलं तरी आई डोळे वटारते. नानांचं वाक्य ठरलेलं : "माले काय व्हस? माले शुगर नही!"

नानांचा ॲटॅक चार वर्षांपूर्वीचा, अगदी पुस्तकातल्यासारखा. छातीवर कुणी पोतं ठेवल्यासारखं दुखलं, डाव्या हाताला कळ गेली, तासाभरात दवाखाना, महात्मा फुले योजनेत अँजिओप्लास्टी. वर्षभर गोळ्या घेतल्या, मग "ब्लॉक तर निघाला, आता कशाला" म्हणून एकेक सोडत गेले. हे आम्हाला आत्ता कळलं.

बाबांचं गेल्या मे महिन्यातलं. बाजारातून दुपारी दीडला आले, ओसरीवर बसले, आणि सदरा पिळून काढावा इतका घाम. छातीत दुखतंय का, तर नाही. श्वास जरा लागतोय म्हणाले. ४४ डिग्री ऊन, त्यामुळे सगळ्यांनी एकच ठरवलं, ऊन लागलं. कांदा फोडून तळपायाला चोळला, कैरीचं पन्हं दिलं (गुळाचं! शुगरच्या माणसाला!). शुगर तपासली तर २४०, म्हटलं पन्ह्यामुळे असेल. गल्लीतल्या दवाखान्यात ॲसिडिटीची गोळी मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पायऱ्या चढताना दम लागला म्हणून धुळ्याला नेलं, तर ईसीजी बघूनच डॉक्टर म्हणाले, ॲटॅक येऊन गेलाय, कालच. दोन स्टेंट.

मागच्या आठवड्यात दोघांचे रिपोर्ट एकदम काढले. बाबांचा एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ८८, नानांचा १३१. बाबांच्या आकड्यापुढे लॅबने 'नॉर्मल' छापलंय, नानांच्या पुढे 'किंचित जास्त'. घरात पेढे वाटायचे बाकी होते. धुळ्याच्या डॉक्टरांनी मात्र दोन्ही कागद बघून कपाळाला हात लावला. गर्दी एवढी की समजावून सांगायला त्यांना वेळ नव्हता, म्हणून इथे विचारतोय. शुगर असलेल्या आणि नसलेल्या हार्ट पेशंटची काळजी वेगळी घ्यायची की एकच? आणि घरात दोन ताटं करून आम्ही चुकतोय का?

(माझं ठिबकच्या सामानाचं दुकान आहे, डॉक्टरकीतलं काही कळत नाही. सोप्या भाषेत सांगा.)

---

भुसावळ_जंक्शन | सोमवार, रात्री १०:१५

नानांना माझा नमस्कार सांगा. मी त्यांचाच भाऊ. रेल्वेत गार्ड होतो, शुगर नाही, वजन नाही, रोज यार्डात पाच-सहा किलोमीटर चालणं. एकावन्नाव्या वर्षी बायपास. सगळे विचारायचे, अहो तुम्हाला कसं काय? तर रोजच्या दीड कट्टा बिड्या, असं कसं काय. ब्रेक व्हॅनमध्ये रात्र काढायला दुसरं होतं काय.

नाना तंबाखू खातात का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. खान्देशात हे न लिहिणं म्हणजे असणारच.

---

पारोळेकर | सोमवार, रात्री १०:२१

पकडलंत. तंबाखू-चुना. दिवसाला पुडी-दीड पुडी. "बिडी सोडली ना चार वर्षांमागे" असं वर ऐकवतात.

---

पांझराकाठ | मंगळवार, सकाळी ६:५०

मी फिजिशियन आहे, धुळे जिल्ह्यात. ओपीडी सुरू व्हायच्या आत लिहितोय. पेशंट न बघता औषध सांगणार नाही, पण समज देऊ शकतो.

पारोळेकर, आधी तो छापील 'नॉर्मल' पेनाने खोडा. लॅबच्या कागदावर उजव्या बाजूला जो आकडा असतो तो धडधाकट माणसासाठीचा. ज्याला एकदा ॲटॅक येऊन गेला त्याचं नॉर्मल निराळं. युरोपातल्या हृदयतज्ज्ञांच्या २०१९ च्या मार्गदर्शनात अशा पेशंटला एलडीएल ५५ च्या खाली, आणि शिवाय औषधाआधी जेवढा होता त्याच्या निम्म्यावर, असं लक्ष्य आहे. आपल्याकडचे तज्ज्ञही त्याच आसपास आहेत, काही तर ५० म्हणतात. आणि इथे शुगर आहे की नाही हे कुणी विचारतच नाही. बाबा ८८, नाना १३१, दोघंही नापास. नाना जरा जास्त मार्कांनी नापास, एवढंच.

स्टॅटिनचा (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीचा) उपयोग शुगरवाल्यांना जास्त की इतरांना, याचाही हिशोब झालेला आहे. २००८ साली चौदा मोठ्या चाचण्या एकत्र करून बघितल्या, त्यात १८,६८६ मधुमेही होते. एलडीएल साधारण ३९ ने उतरला की ॲटॅक, लकवा, बायपास-अँजिओप्लास्टी यांचं प्रमाण पाचव्या हिश्शाने कमी होतं. मधुमेह असलेल्यांत २१ टक्के, नसलेल्यांत २१ टक्के. शरीराला नानांचं "माले शुगर नही" ऐकू येत नाही.

मग फरक कुठे आहे? सुरुवात कुठून होते त्यात. १९९८ साली फिनलंडमधला एक अभ्यास आला, आमच्या पिढीच्या डॉक्टरांना तो तोंडपाठ आहे. सात वर्षांत ॲटॅक किती जणांना आला? ना शुगर, ना आधीचा ॲटॅक, अशांत शंभरात साडेतीन. आधी ॲटॅक आलेला पण शुगर नाही (म्हणजे आपले नाना), शंभरात जवळजवळ १९. शुगर आहे पण ॲटॅक कधीच नाही, शंभरात २०. आणि दोन्ही असलेले, म्हणजे बाबा, शंभरात ४५. पुढच्या अभ्यासांत हे आकडे सगळीकडे असेच्या असे निघाले नाहीत, तेव्हा स्टॅटिनही आजच्याइतकं सर्रास नव्हतं, पण उतरंड तीच राहिली. म्हणजे बाबांसाठी आई जी काळजी करते ती रास्तच आहे. नानांना मात्र मोकळं सोडायचं कारण या आकड्यांत कुठेही सापडत नाही.

बाबांच्या मेमधल्या दुपारबद्दल : शुगर जुनी झाली की नसा बधिर होतात, पायाच्या तशाच हृदयाच्याही. दुखण्याची तार तुटलेली असते. म्हणून शुगरच्या माणसाला दरदरून घाम, धाप, मळमळ, एकाएकी गळून जाणं, यांतलं काहीही झालं तर आधी ईसीजी, मग पन्हं. आपल्याकडे मे महिन्यात 'ऊन लागलं' या दोन शब्दांखाली किती ॲटॅक झाकले जातात ते मी दरवर्षी बघतो.

नानांच्या गोळ्या कुठल्या होत्या, कधी सुटल्या? ते लिहा. आज ओपीडी मोठी आहे, रात्री येतो.

---

शंकासुर | मंगळवार, सकाळी ११:०५

डॉक्टरसाहेब, राग मानू नका, पण ही स्टॅटिनची गोष्ट कंपन्यांची आहे असं मी पुष्कळ वाचलंय. कोलेस्टेरॉल शरीराला लागतंच. माझ्या मेहुण्याचे पाय इतके दुखायला लागले की गोळी सोडली तेव्हा चालायला लागला. शिवाय स्टॅटिनने शुगर होते म्हणतात. नानांना शुगर नाही ती तुम्ही गोळी देऊन आणणार का?

---

आखाजीची_लेक | मंगळवार, दुपारी २:३०

डॉक्टर येईस्तोवर ताटाचं मी बोलते. माझं माहेर अमळनेर, सासर शहादा, नवरा हार्ट पेशंट (शुगर नाही), सासूबाईंना शुगर. त्यामुळे पारोळेकरांच्या आईच्या चुलीपाशीच मी बसले आहे असं समजा.

दोन ताटं बंद करा. आम्ही वर्षभर केली, बाईमाणसाचा जीव जातो आणि शेवटी दोन्ही ताटांतलं उरलेलं आपण खातो. आता एकच ताट, फक्त सासूबाईंचं भाकरीचं माप वेगळं. त्याहून फरक नाही.

आपलं खान्देशी जेवण मुळात वाईट नाही हो. कळण्याची भाकरी म्हणजे ज्वारी आणि उडीद, वर मीठ-मिरची. तिच्यासोबत भाजलेल्या वांग्याचं भरीत, कांद्याची पात, मुळा. याहून चांगलं काय खाणार? गडबड दोन ठिकाणी आहे. एक तेल. आमच्याकडे भाजीवर तर्री दिसली नाही तर पाहुणा रुसतो. मी तेलाचा डबाच मोजायला लागले. पाच माणसांना महिन्याला पाच किलो जात होतं, ते आता अडीचवर आलंय, आणि भरीत अजून भरीतच आहे. वांगी तुरीच्या काड्यांवर भाजली की चव धुराची येते, तेलाची गरज निम्मी होते.

दुसरी गडबड मीठ. हे कुणी बोलत नाही. उन्हाळ्यात आपण पापड, बिबडे, कुरडया, सांडगे करून डबे भरतो. त्यात मीठ तर आहेच, वर पापडखारही, तोही सोडियमच. नवऱ्याचं बीपी १५० च्या खाली येईना, गोळ्या दोन झाल्या. मग एका उन्हाळ्यात मी बिबडे केलेच नाहीत. शेजारणींनी विचारलं, घरात काही सुतक आहे का? दिवसाला माणशी पाच ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे सपाट एक चमचा, सगळं धरून. एकदा डाळीतलं, भाकरीसोबतच्या ठेच्यातलं, लोणच्यातलं मोजून बघा. मी मोजलं तेव्हा दुपारच्या जेवणातच कोटा संपला होता.

शेवभाजी महिन्यातून एकदा. आखाजीला (अक्षय तृतीयेला) खापरावरची पुरणपोळी, सासूबाईंना अर्धी, नवऱ्याला एक. आखाजीला कुणालाच नाही म्हणत नाही मी, पाप लागेल.

---

केळीबाग | मंगळवार, सायंकाळी ५:४८

रावेरहून. आमच्याकडे शुगरच्या माणसाला पहिला प्रश्न केळीचा. घरात घड लटकलेला आणि वडिलांनी बघत बसायचं. वडील ७१, शुगर, हार्ट, आणि आता किडनीचं क्रिएटिनिन १.९. एक डॉक्टर म्हणतात अर्धं केळं चालेल, दुसरे म्हणतात अजिबात नाही. खरं काय?

आणि ताई, बिबड्यांचं ऐकून वाईट वाटलं, पण खरं आहे.

---

पांझराकाठ | मंगळवार, रात्री ९:३०

एकेकाचं घेतो.

शंकासुर, रागावत नाही. तुम्ही विचारलेलंच ओपीडीत दहा जण मनात ठेवून जातात आणि घरी गोळी बंद करतात. १९९४ मध्ये उत्तर युरोपातल्या ४,४४४ हृदयरोग्यांवर चाचणी झाली, निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन, निम्म्यांना साधी साखरेची गोळी. पाच वर्षांच्या वर वाट बघितली. साध्या गोळीवाल्यांत २५६ गेले, औषधवाल्यांत १८२. कंपनीने पैसे लावले होते, हो. पण मेलेली माणसं मोजताना लबाडी करायला फारशी जागा नसते. आणि त्यानंतर तीस वर्षं तेच उत्तर वेगवेगळ्या देशांत निघत आलंय.

पाय दुखण्याचं : काहींना खरंच स्नायूंचा त्रास होतो, तेव्हा रक्तात सीपीके (स्नायूंची झीज दाखवणारी तपासणी) बघतो, गोळी किंवा डोस बदलतो. पण २०२० मध्ये एक गमतीदार चाचणी झाली. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या साठ जणांना महिन्या-महिन्याच्या बाटल्या दिल्या, काहींत स्टॅटिन, काहींत खोटी गोळी, काही रिकाम्या. गोळीच्या महिन्यांत जो त्रास झाला त्याचा ९० टक्के त्रास खोट्या गोळीलाही झाला. त्रास खरा होता, फक्त तो स्टॅटिनचा नव्हता. तुमच्या मेहुण्यांना सांगा, परत एकदा कमी डोसने डॉक्टरांशी बोलून बघायला हरकत नाही.

शुगर होते का? काठावर असलेल्यांची थोडी पुढे सरकते, हे खरं. ॲटॅक येऊन गेलेल्या माणसाने त्यासाठी स्टॅटिन सोडणं म्हणजे उंदीर लागेल म्हणून पेरणीच न करणं.

केळीबाग, दोन्ही डॉक्टर बरोबर असू शकतात. एका मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम कार्बोहायड्रेट, म्हणजे एका भाकरीच्या आसपास. नुसती शुगर असेल तर अर्धं केळं, भाकरी तेवढी कमी करून, जमतं. पण क्रिएटिनिन १.९ आणि त्यात बीपी-हृदयासाठी टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर प्रश्न साखरेचा राहत नाही, पोटॅशियमचा होतो. ते वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. आधी पोटॅशियम तपासा, मग घडाकडे बघा. आणि बाजारात 'कमी सोडियमचं मीठ' मिळतं त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं, ते वडिलांना विचारल्याशिवाय देऊ नका. आखाजीची_लेक यांच्या यजमानांना, किडनी चांगली असेल तर, तेच मीठ उपयोगी पडू शकतं. हा असा फरक असतो, बघा.

(ताटाबद्दल ताईंनी लिहिलंय त्यात मला घालायला काही नाही. माझ्या बायकोला वाचून दाखवलं, तिने तेलाचा डबा लपवला.)

---

पुण्यात_शहादेकर | बुधवार, सकाळी ८:१०

माझ्या आईला (शुगर, हार्ट, एकोत हृदयाचं पंपिंग ३५ टक्के) पुण्यात डापाग्लिफ्लोझिन सुरू केलं. शेजारच्या काकांना शुगर अजिबात नाही, त्यांनाही तीच गोळी! मेडिकलवाला म्हणाला, काका, ही शुगरची गोळी आहे, चुकून दिली असेल. काकांनी घाबरून आठ दिवस घेतली नाही. हे काय गौडबंगाल आहे?

---

पांझराकाठ | बुधवार, दुपारी १:४०

जेवणाच्या सुट्टीत.

मेडिकलवाल्याचा दोष नाही, ही गोळी जन्मली शुगरसाठीच. लघवीतून साखर बाहेर टाकते. २०१५ मध्ये तिच्याच जातीच्या एम्पाग्लिफ्लोझिनची चाचणी आली, शुगर आणि हृदयरोग दोन्ही असलेल्या सात हजार जणांत. हृदयाने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी. शुगरची गोळी हृदयाला एवढी वाचवेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. मग २०१९ ला डापा हृदय कमजोर झालेल्यांना दिली, निम्म्याहून जास्त लोकांना शुगर नव्हतीच, आणि फायदा दोघांनाही सारखा. तेव्हापासून कमजोर हृदयाला ती शुगर न बघता देतात. काकांना म्हणावं, घाबरू नका, डॉक्टरांना फोन करा आणि परत सुरू करा. पेटंट संपल्यापासून स्वस्तही झाली आहे.

आपल्या भागासाठी मात्र सावध. लघवी जास्त होते, आपल्या मे महिन्यात पाणी कमी पडतं. उलट्या-जुलाब झाले, अन्न तुटलं, नवरात्राचे कडक उपास धरले, ऑपरेशन ठरलं, तर ती त्या दिवसांपुरती थांबवायची असते, डॉक्टरांना कळवून. आणि खाली खाज सुटली तर लाजून बसू नका, बुरशी असते, साध्या औषधाने जाते.

---

माळेवरची_मोगरी | बुधवार, रात्री ११:०२

आत्ता सगळं वाचलं. एक उलटी गोष्ट सांगते.

माझ्या सासऱ्यांना शुगर आणि बायपास. आम्ही सगळे शुगरमागे इतके लागलो की एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ६.१ वर आणून दाखवली. कौतुक झालं. ग्लिमेपिराइड (शुगर उतरवणारी गोळी) दोन वेळा, वर इन्सुलिन, जेवण चिमूटभर. एका रात्री दोन वाजता धप्प आवाज आला. संडासाच्या दारात पडले होते, अंथरूण घामाने ओलं, मला ओळखेनात, "गाडी गेली का" विचारत होते. शुगर ४२. साखरेचं पाणी पाजलं, दहा मिनिटांत माणसात आले, पण खुबा मोडलेला. हाताला थरथर नाही, धडधड नाही, काहीच कळलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हृदयासाठी बीटा ब्लॉकर चालू आहे ना, ती थरथर-धडधड दाबून टाकते, फक्त घाम तेवढा राहतो.

आता त्यांना साडेसातवर ठेवलंय. डॉक्टरांनीच सांगितलं.

---

पांझराकाठ | गुरुवार, सकाळी ६:४०

ताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. २००८ मध्ये अमेरिकेत याच गोष्टीवर मोठी चाचणी चालू होती. हृदयाचा धोका असलेल्या मधुमेहींची एचबीए१सी सहाच्या खाली ओढायची. कडक शुगरवाल्या गटात मृत्यू २२ टक्क्यांनी जास्त निघाले म्हणून ती बाजू मधेच थांबवावी लागली. बहुतेकांना सातच्या आसपास ठीक, वय झालेल्या, वारंवार शुगर उतरणाऱ्या माणसाला साडेसात-आठही चालतं.

आणि याच्या अगदी उलट गोष्ट डेन्मार्कची, मला ती फार आवडते. १६० मधुमेही, लघवीतून प्रथिन जायला लागलेले. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल, ॲस्पिरिन, व्यायाम, तंबाखू, सगळं एकदम हातात घेतलं. आठेक वर्षांत हृदयाचे आणि रक्तवाहिन्यांचे घोटाळे निम्म्यावर. एकवीस वर्षांनी बघितलं तर तो गट दुसऱ्यापेक्षा जवळजवळ आठ वर्षं जास्त जगला होता. कुणा एका आकड्याने हे झालेलं नाही. पारोळेकर, तुमच्या घरी बाबांची शुगर एकटीच पहाऱ्यात आहे, बाकीचे सगळे चोर मोकळे आहेत.

बाबांचा पूर्ण लिपिड लिहा ना. एकटा एलडीएल शुगरवाल्यांत कधी कधी फसवतो.

---

पारोळेकर | गुरुवार, रात्री १०:१०

डॉक्टरसाहेब, बाबांचं : टोटल कोलेस्टेरॉल १५८, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३४, ट्रायग्लिसराइड १८०, एलडीएल ८८. लघवीची ती प्रथिनाची तपासणी सतरा वर्षांत एकदाही झालेली नाही, आज कळलं.

नानांच्या गोळ्या : ॲस्पिरिन ७५, क्लोपिडोग्रेल ७५, ॲटोर्वास्टॅटिन ४०, रॅमिप्रिल. वर्षाने क्लोपिडोग्रेल डॉक्टरांनीच बंद केली होती. नानांनी त्याचा अर्थ "आता सुटलो" असा लावला आणि बाकीच्याही सोडल्या. ॲस्पिरिन तेवढी कधी आठवली तर घ्यायचे, "रक्त पातळ राहतं" म्हणून.

एक गंमत. मी त्यांना ठिबकच्या भाषेत समजावायला गेलो, की नळी एका जागी साफ केली म्हणजे पाण्यातला क्षार गेला असं नाही. तर म्हणाले, मग नळीत ॲसिड सोडतो तसं सोडता येत नाही का रे डॉक्टरला?

---

पांझराकाठ | शुक्रवार, सकाळी ६:५५

नानांना सांगा, ॲटोर्वास्टॅटिन म्हणजे तेच, फक्त रोज थोडं थोडं सोडायचं असतं. ठिबकसारखंच.

बाबांचे १५८ मधून ३४ वजा करा : १२४. याला नॉन-एचडीएल म्हणतात, सगळं घाण कोलेस्टेरॉल यात येतं. हे ८५ च्या आत हवं. शुगरमध्ये ट्रायग्लिसराइड वर, एचडीएल खाली, आणि एलडीएलचे कण बारीक नि जास्त, असं असतं. म्हणून ८८ बघून फसायला होतं. त्यांचा डोस आधीच पूर्ण असेल तर दुप्पट करून फार हाती लागत नाही, दर दुप्पटीला जेमतेम सहा टक्के. त्याऐवजी एझेटिमाइब ही कोलेस्टेरॉलची दुसरी गोळी जोडली की वीसेक टक्के उतरतं. डॉक्टरांना हे नाव घेऊन विचारा.

नानांची अजून एक तपासणी करा. एचबीए१सी. "शुगर नाही" हे शेवटचं कुणी आणि कधी तपासलं?

---

भुसावळ_जंक्शन | शुक्रवार, दुपारी १२:२०

थोडं अवांतर. आखाजीची_लेक यांचं माहेर अमळनेर म्हणून आठवलं. विप्रो ही कंपनी अमळनेरात वनस्पती तूप करायला सुरू झाली होती, १९४५ साली. आमच्या लहानपणी लग्नात बुंदी वनस्पतीतली म्हणजे श्रीमंती. त्यातली ट्रान्स फॅट हृदयाला सगळ्यात वाईट हे कुणाला माहीत होतं! आता सरकारने तेला-तुपातली ट्रान्स फॅट २ टक्क्यांच्या आत आणलीय, २०२२ पासून. बरं झालं. पण एकाच कढईत दिवसभर उकळणाऱ्या तेलावर कुणाचा कायदा चालतो?

बिड्या मी बायपासच्या आदल्या रात्री सोडल्या. सोपं नव्हतं. सहा महिने खिशात बडीशेप आणि तोंडात शिव्या. नानांना तंबाखूसाठी माझा नंबर हवा असेल तर व्यक्तिगत निरोप करा.

---

पारोळेकर | तीन महिन्यांनंतर, रविवार, सायंकाळी ७:१५

धागा वर आणतोय, विचारणाऱ्यांचे निरोप आले म्हणून.

नानांची एचबीए१सी ६.३ निघाली. म्हणजे शुगर नाही, पण उंबऱ्यावर उभी. डॉक्टरांना नवल वाटलं नाही. स्वीडनमध्ये कधीतरी ॲटॅक आलेल्या 'शुगर नसलेल्यां'ना साखरेचं पाणी पाजून तपासलं तर तीनातल्या दोघांत गडबड निघाली होती म्हणे. आई आता नानांच्या ताटावरही डोळे ठेवून असते, आणि बाबा इतके खूश आहेत की विचारू नका.

आकडे : नानांचा एलडीएल १३१ वरून ६२. बाबांचा एझेटिमाइब जोडून ५१. बाबांच्या लघवीत प्रथिन थोडं निघालं, बीपीची गोळी बदलली, डापा सुरू केली. बीपी घरी मोजतो, पाच मिनिटं गप्प बसवून, दोनदा. बाबांचं उभं राहिल्यावरही मोजायला सांगितलंय, कारण त्यांचं उठल्याबरोबर उतरतं. बसून १३४, उभं राहून ११०. म्हणून पहाटे उठताना चक्कर यायची, आम्ही पित्त समजत होतो.

तंबाखू : नानांची पुडी दीडवरून अर्ध्यावर आली आहे, शून्यावर नाही. भुसावळकरांशी रोज फोनवर भांडण चालू आहे.

आता नवीन प्रश्न. चैत्रात आमच्याकडून लोक सप्तशृंगी गडाला पायी जातात. नानांनी ॲटॅकच्या वेळी नवस बोललेला आणि यंदा फेडायचाच म्हणतात. बाबाही निघालेत, तेही अनवाणी.

---

पांझराकाठ | रविवार, रात्री ९:५०

बाबा अनवाणी : नाही. याच्यावर चर्चा नाही. बधिर तळपायाला तापल्या डांबराचे फोड कळत नाहीत, आणि शुगरच्या पायाची जखम हृदयापेक्षा लवकर माणूस झोपवते. पायी चालणंही नको, गाडीने जाऊ द्या.

नाना : आधी स्ट्रेस टेस्ट (पट्ट्यावर चालवून हृदय तपासणं). चांगली आली तर रोज सकाळी चालत सवय वाढवत नेऊन, पहाटेचेच टप्पे, गोळ्या खिशात, आणि सोबत एक माणूस ज्याला त्यांचं औषध माहीत आहे. दुपारी बारानंतर पाऊल नाही. वर पाचशेच्या आसपास पायऱ्या आहेत, त्यांच्यासाठी २०१८ पासून ट्रॉली आहे, दोघांनीही तिनेच जावं.

---

पारोळेकर | रविवार, रात्री १०:२५

बाबांना वाचून दाखवलं, ते गाडीला तयार झाले, चपलेलाही. नाना स्ट्रेस टेस्टला तयार आहेत, ट्रॉलीला नाहीत. म्हणतात, ट्रॉलीत बसून फेडलेला नवस देवी धरत नाही.